पहिल्या दिवाळीपर्यंत : घरापासून दूर कॉलेजात रुळताना

जुलै-ऑगस्टमध्ये कॅप राउंडच्या याद्या लागल्या की नांदेड, लातूर, यवतमाळ, बुलढाण्याहून रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये एक वेगळी गर्दी दिसू लागते. खाली डिकीत गादीची वळकटी आणि नवी बादली, मांडीवर प्लास्टिकच्या फाइलीत मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि शेजारी वडील किंवा मामा. सकाळी पुण्यात उतरायचे, दिवसभरात प्रवेश पक्का करायचा, खोली बघायची, मेस लावायची. संध्याकाळच्या गाडीने सोबतचे माणूस परत जाते आणि १७-१८ वर्षांचे मूल पहिल्यांदाच अनोळखी खोलीत, अनोळखी मुलांमध्ये झोपते.

अशा मुलांना आपण सहसा एकच सल्ला देतो : मन घट्ट कर, होईल सवय. हा सल्ला अपुरा आहे, आणि काही मुलांच्या बाबतीत तो घातकही ठरतो. झोपायला धड जागा, दोन वेळचे पोटभर जेवण, हातात थोडे पैसे, रोज दिसणारी चार माणसे आणि अडचण सांगायला एक मोठे माणूस एवढे जुळले की बहुतेक मुले रुळतात. यातल्या दोन-तीन गोष्टी नसल्या तर खंबीर मूलही कोलमडते. म्हणून इथे धीराच्या गोष्टी कमी आणि सोयीच्या गोष्टी जास्त सांगणार आहे. उदाहरणे मुख्यतः पुण्याची आहेत. छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा कोल्हापूरला गेलेल्यांनाही त्यातले बरेच लागू पडेल.

ही सोय आधी कोणी केली

पूर्वी गरीब ब्राह्मण मुलगा शिकायला शहरात आला की वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात अपमान होता, उपासही होते, पण शहरात ओळखीची घरे तरी होती. शेतकऱ्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलाला असे एकही घर नव्हते. त्याला फी माफ केली तरी तो शिकू शकत नव्हता, कारण रात्री झोपणार कुठे आणि जेवणार कोणाकडे, याला उत्तर नव्हते. राजर्षी शाहूंनी हे नेमके ओळखले. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम आणि इतर समाजांची वसतिगृहे त्यांच्या मदतीने उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह त्यातलेच.

कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगात राहिलेला एक विद्यार्थी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखला गेला. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज सुरू केले, आज ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. मराठवाड्यात तेव्हा कॉलेजेच मोजकी होती, त्यामुळे खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या राहण्याचा विचारही तिथे शिकवण्याइतकाच महत्त्वाचा होता. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती सुरू केली. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी तिची वसतिगृहे आजही चालतात.

हा इतिहास मुद्दाम सांगितला. घराबाहेर शिकणाऱ्या मुलाला मदत लागते हे या माणसांना उघड दिसत होते, आणि मदत मागणाऱ्या मुलाला त्यांनी कधी कच्चा ठरवले नाही. आज वसतिगृहाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी आपण कोणाच्या पंगतीला बसतो आहोत हे लक्षात घ्यावे.

पहिले सहा आठवडे

घराची आठवण दिवसा फारशी येत नाही. दिवसा धावपळ असते. ती येते रात्री दिवा मालवल्यावर, आणि रविवारी संध्याकाळी. पुण्यातल्या बऱ्याच मेस रविवारी दुपारी गोडाधोडाचे जेवण देतात आणि संध्याकाळी बंद असतात. स्थानिक मुले घरी असतात, रस्त्यावर कुटुंबे फिरायला निघालेली असतात आणि बाहेरगावचा विद्यार्थी वडापाव घेऊन खोलीवर येतो. हा वेळ जड जाणार हे आधीच माहीत असेल तर त्याची तजवीज करता येते. रविवारची संध्याकाळ कोणाबरोबर तरी ठरवून घालवावी : कपडे धुणे, पर्वती चढणे, एखाद्या मैत्रिणीच्या खोलीवर मिळून खिचडी टाकणे, काहीही चालेल. पहिल्या महिन्यात ती एकट्याने खोलीत काढू नये.

दुसरे म्हणजे दर शनिवारी गावी पळण्याचा मोह. गाव दोन तासांवर असेल तर तो फारच होतो. महिनाभर हे केले की शहरात एकही शनिवार-रविवार जात नाही, ओळखी होत नाहीत आणि सोमवार पुन्हा पहिल्या सोमवारसारखाच उजाडतो. तीन-चार आठवड्यांनी एकदा जावे, आणि जायची तारीख आधी ठरवून ठेवावी. ठरलेली तारीख समोर असली की मधले दिवस सुसह्य होतात.

या काळात प्रत्येकाला वाटते की बाकी सगळे मजेत आहेत आणि आपणच इथले नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात केलेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांनी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला आपण इथले नाही असे सगळ्यांनाच वाटते आणि पुढे ते ओसरते, एवढाच त्या अनुभवांचा सूर होता. सगळा उपक्रम तासाभराचा. पण विद्यापीठात ज्यांचा समाज अल्पसंख्य होता त्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण पुढची तीन वर्षे सुधारत गेले. आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यासाठी हा धडा मोलाचा आहे. 'मी इथला नाही' हे वाटणे म्हणजे आपल्या कुवतीचा पुरावा नव्हे. दोन वर्षे आधी आलेल्या एखाद्या गाववाल्याला गाठून त्याचे पहिले दोन महिने कसे गेले ते विचारावे. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात, कारण त्यांना कोणी कधी विचारलेलेच नसते.

कॉट, खोली आणि घरमालक

कॉलेजचे किंवा सरकारी वसतिगृह मिळाले तर उत्तम. यादीत नाव नसेल तर सदाशिव, नारायण, शनिवार पेठेपासून कर्वेनगर, आंबेगावपर्यंत 'कॉट बेसिस'च्या पाट्या दिसतात. एका खोलीत तीन ते सहा कॉट, कॉटगणिक भाडे आणि वर डिपॉझिट. पैसे देण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. डिपॉझिट परत कधी आणि किती कापून मिळेल, सोडताना किती दिवस आधी सांगायचे, वीजबिल भाड्यात धरले आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, रात्री किती वाजता दार बंद होते, घरचे कोणी आले तर एक रात्र राहू देतात का. उत्तरे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावीत आणि दिलेल्या पैशांची पावती मागावी. खोली एकदा दिवसा आणि एकदा रात्री बघावी. दिवसा शांत वाटणाऱ्या गल्लीतही रात्री अकरानंतर झोप लागेलच असे नाही, आणि गणपतीचे दिवस पेठांमध्ये कसे असतात ते तिथे राहणाऱ्याला विचारावे. पहिल्या वर्षी अकरा महिन्यांचा करार करण्याची घाई करू नये.

आडनाव विचारून, धर्म विचारून किंवा 'मांसाहार करता का' असे विचारून खोली नाकारली जाते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दलित, मुस्लिम, भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलांना हा अनुभव शहरात पहिल्याच दिवशी येतो आणि वडिलांच्या समोर येतो. यात मुलाचे काहीही चुकलेले नसते. अशा वेळी अनोळखी दारे ठोठावत फिरण्यापेक्षा कॉलेजातल्या समान संधी कक्षाकडे, विद्यार्थी संघटनांकडे किंवा आपल्या जिल्ह्यातल्या सीनियर मुलांकडे विचारावे. कोणत्या खोल्या मिळतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

खोलीतल्या मुलांशी वाद होतात ते बहुधा दिवा, पंखा, फोनवरचे बोलणे आणि कचरा यांवरून. पहिल्या आठवड्यातच बसून दिवा कधी मालवायचा आणि झाडू कोणी कधी मारायचा हे ठरवले तर पुढची बरीच भांडणे टळतात.

आणि रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, गुन्हा सिद्ध झाला तर संस्थेतून काढून टाकतात आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची देशभरासाठीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे. 'ओळख करून घेतो' म्हणत कोणी कपडे उतरवायला लावत असेल, रात्रभर उभे करत असेल, सबमिशन लिहून घेत असेल, तर ती ओळख नव्हे. त्याच दिवशी तक्रार करावी.

मेसचे ताट

घराची आठवण पोटातून येते. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि झणझणीत कालवणावर वाढलेल्या मुलाला आमटीत गूळ लागला की घास फिरतो. खानदेशातल्या मुलीला कळण्याची भाकरी आठवते, सोलापूरच्याला शेंगांची चटणी. जेवण नकोसे झाले की पहिल्या महिन्यात वजन उतरते, मग थकवा येतो आणि थकलेल्या माणसाला घर जास्तच आठवते.

यावरचा उपाय आपल्या आयांना फार पूर्वीपासून माहीत आहे : सोबत दिलेला चटणीचा डबा. कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी पंधरा-वीस दिवस सहज टिकते आणि मेसची कशीही भाजी तिच्यासोबत पोटात जाते. भोर, जुन्नर, बारामतीकडच्या मुलांना घरचा डबा एसटीने यायचा, काहींना अजूनही येतो. चटणीचा आणखी एक उपयोग आहे. मेसच्या टेबलावर डबा उघडून शेजारच्यापुढे सरकवला की ओळखीला वेगळे निमित्त लागत नाही.

मेस निवडताना आधी दोन-तीन ठिकाणी एकेका वेळचे पैसे देऊन जेवून बघावे, मगच महिना भरावा. खाड्याचा नियम विचारावा. गावी गेलात तर न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते होतात का? बऱ्याच मेसमध्ये सलग काही दिवस आधी सांगून गैरहजर राहिले तरच खाडा धरतात. सकाळच्या नाश्त्याचा हिशेब मुले धरतच नाहीत. आठच्या लेक्चरला उपाशीपोटी जायचे आणि दुपारी एकला जेवायचे, असे महिनोन् महिने चालते. खोलीवर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, केळी, राजगिऱ्याचे लाडू यांतले काही ना काही कायम असावे.

वर्गातली भाषा

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजात जो धक्का बसतो, तो बऱ्याचदा 'मन लागत नाही' या नावाखाली लपतो. बारावीपर्यंत वर्गात पहिला आलेला मुलगा इंग्रजीतल्या पहिल्या लेक्चरला बसतो. शब्द अर्धेच कळतात, पुढच्या बाकावरची मुले धडाधड उत्तरे देतात आणि त्याला वाटते की आपण हुशार नव्हतोच. तो मागच्या बाकावर जाऊन बसतो. तिथे ऐकायला आणखी कमी येते. मग हजेरी घसरते, पंच्याहत्तर टक्क्यांची नोटीस लागते, पहिल्या सत्रात दोन विषय राहतात. घरी तो फक्त एवढेच सांगतो की इथे करमत नाही.

ही साखळी तुटते ती पहिल्याच महिन्यात. दुसऱ्या दिवशी शिकवायचा भाग आदल्या संध्याकाळी अर्धा तास वाचून जावे, कळला नाही तरी. लेक्चरमध्ये शब्द दुसऱ्यांदा कानावर पडतो आणि ओळखीचा वाटतो. नव्या संज्ञांची एक वही करावी आणि त्यात मराठी अर्थ लिहावा. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर मोफत पाहायला मिळतात. भौतिकशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंतचे शब्द त्यांत आहेत. शंका मराठीत विचारावी. लेक्चर संपल्यावर सरांना किंवा मॅडमना गाठून 'सर, हे मला मराठीत एकदा सांगा' असे म्हटले तर पुण्यातले क्वचितच कोणी प्राध्यापक नाही म्हणतील. त्यांच्यातलेही बरेच जण याच वाटेने आलेले आहेत.

बोलीवरून हसणे हा वेगळा त्रास आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मराठवाडी किंवा मालवणी ढंगाने बोलणाऱ्याला शहरातली मुले नक्कल करून दाखवतात आणि तो बोलणेच कमी करतो. माझे मत याबाबत ठाम आहे : प्रमाण मराठी जरूर शिकावी, तोंडी परीक्षेला आणि मुलाखतीला ती उपयोगी पडते. पण त्यासाठी आपली बोली टाकू नये, आणि वर्गात तिची टिंगल होत असेल तर ती शिक्षकांनी थांबवावी. बोलायचे बंद झालेल्या मुलाला शंका विचारता येत नाहीत आणि मित्रही जोडता येत नाहीत.

ओळखी व्हायला तास लागतात

मैत्री कोणाशी होते? एमआयटी या अमेरिकन संस्थेने विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वेस्टगेट वसाहतीचा लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो १९५० साली पुस्तकरूपाने आला. स्वभाव किंवा आवडीपेक्षा कोणाचे दार कोणाच्या दाराला लागून आहे यावर मैत्री जास्त ठरली होती. जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी अधिक, कारण येता-जाता सगळे त्यांच्या दारावरून जात. मग कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली तासांचा हिशेब मांडला. ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, मैत्री म्हणावी इतके जवळ यायला सुमारे ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर.

आता हा हिशेब मेसवर लावून पाहा. दोन्ही वेळेला अर्धा-अर्धा तास एकाच टेबलावर जेवलात तर दिवसाचा एक तास होतो. ऑगस्टच्या मध्यावर आलेल्या मुलाचे ५० तास नवरात्राच्या आसपास भरतात. म्हणजे पहिल्या पंधरा दिवसांत 'माझे इथे कोणीच नाही' असे वाटण्यात काही वावगे नाही. तेवढे तास झालेलेच नसतात. मात्र कानात इअरफोन घालून एकटे जेवले तर ते कधीच भरत नाहीत. खोलीचे दार संध्याकाळी उघडे ठेवावे. अभ्यासिकेत रोज तीच जागा धरावी. एनएसएस, नाटक, कबड्डी, ट्रेकिंग, ढोलपथक, काहीतरी एक पकडावे, जिथे तीच माणसे आठवड्यातून दोन-तीनदा भेटतील. एकांकिकेच्या तालमींना महिनाभर जाणाऱ्या मुलाला, मग तो पडदा ओढत का असेना, शहर लवकर आपलेसे होते.

फक्त आपल्याच जिल्ह्याच्या मुलांत राहावे का? सुरुवातीला जरूर. त्यांच्यामुळे पहिला महिना तरून जातो. वर्षभर मात्र तेवढेच वर्तुळ राहिले तर गाव फक्त जागा बदलून आले असे होते.

पैसे

पहिल्या महिन्यात पैसे नेहमीच जास्त जातात : डिपॉझिट, बादल्या, पुस्तके, ड्रॉइंगचे साहित्य, ॲप्रन. घरच्यांनी हे गृहीत धरावे आणि मुलाला उधळ्या ठरवू नये. दुसऱ्या महिन्यापासून मात्र हिशेब वहीत लिहावा, कारण यूपीआयने गेलेले वीस-तीस रुपये लक्षातच राहत नाहीत. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आणि सट्टा लावायला लावणारे खेळ यांच्या वाटेला एकदाही जाऊ नये. अडचण आली तर घरी सांगावे. वडील रागावतील, पण वसुलीवाल्यांसारखे छळणार नाहीत.

सरकारी योजनांची माहिती प्रवेशाच्या आठवड्यातच घ्यावी, कारण मुदत उलटली की वर्ष जाते. बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले : भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि शेतकरी-कामगारांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. एक मोठा दोष इथे नोंदवलाच पाहिजे. ही रक्कम अनेकदा सत्र अर्धे संपल्यावर हातात पडते आणि मेसचे पैसे महिन्याच्या एक तारखेला द्यावे लागतात. म्हणून योजनेत नाव आले तरी पहिल्या चार-पाच महिन्यांची सोय वेगळी करून ठेवावी.

काम करून शिकायचे असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासांवर काम मिळते. बाहेर रात्रपाळीचे काम धरण्यापेक्षा पहिल्या वर्षी हे कितीतरी बरे, कारण झोप मोडत नाही.

मुलींच्या वाट्याला जे वेगळे येते

मुलीला बाहेर पाठवताना घरात आधीच बरीच चर्चा झालेली असते, आणि 'काही झाले तर परत बोलावू' हे वाक्य तिच्या सोबत शहरात येते. त्यामुळे अडचण आली तरी ती सांगत नाही. सांगितले तर शिक्षण थांबेल ही भीती असते. आईवडिलांना कळकळीने सांगावेसे वाटते की तक्रार सांगितल्यावर परत बोलावणार नाही, हे तिला जाण्याआधीच शब्द देऊन सांगा. तो शब्द मिळालेली मुलगी लवकर बोलते आणि गोष्ट लहान असतानाच सुटते. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे फलकावर लावलेली असतात. ती पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवावीत.

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केले. २०२३ पासून एसटीचे तिकीटही महिलांना अर्धे आहे. दोन्ही निर्णय मोलाचे. पण राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच, आणि मुलींच्या सुरक्षित वसतिगृहांची संख्या मागणीच्या मानाने फार कमी आहे. फी माफ झाल्यावर 'राहणार कुठे' हा कोल्हापुरातला जुना प्रश्न मुलींपुढे अजून तसाच उभा आहे.

पहिले आजारपण

ऑगस्ट ते ऑक्टोबर हे पुण्यात डेंग्यू आणि तापाचे दिवस. घराबाहेरचा पहिला ताप माणसाला फार एकटे करतो. पाणी कोण देणार, डॉक्टरकडे कोण नेणार? म्हणून बरे असतानाच खोलीतल्या दोघांकडे घरचा नंबर द्यावा आणि त्यांच्या घरचा आपल्याकडे ठेवावा. रक्तगट, नेहमीची औषधे, ॲलर्जी हे एका कागदावर लिहून तो पाकिटात ठेवावा. जवळचा दवाखाना आणि ससूनसारखे सरकारी रुग्णालय कुठे आहे ते माहीत असावे. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला तर मेडिकलच्या दुकानातल्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत.

फोनवर काय बोलावे

घरच्यांचा फोन ठरलेल्या वेळी असावा. दिवसातून पाच वेळा फोन आला की मूल शहरात राहूनही घरातच राहते, आणि आठवडाभर आला नाही तर ते तुटते. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे बऱ्याच घरांना पुरतात. 'जेवलास का' याच्यापुढे जाऊन 'कोणाबरोबर जेवलास' असे विचारावे. त्या उत्तरात पुष्कळ कळते. रोज वेगळे नाव येत असेल तर ठीक, 'एकटाच' असे महिनाभर येत असेल तर एक चक्कर मारून यावे. घरातली भांडणे, कर्ज, आजीचे दुखणे हे लपवू नये, पण रात्री अकरा वाजता, त्याच्या हातात काहीच नसताना सांगू नये. मूल रडले तर लगेच 'ये परत' म्हणू नये आणि 'रडतोस काय' असेही म्हणू नये. ऐकून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करावा. सकाळचा आवाज बहुधा वेगळा असतो.

दिवाळीची तिकिटे वेळेवर काढावीत. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते, आणि महाराष्ट्र एक्स्प्रेससारख्या गाड्यांची दिवाळीतली आरक्षणे बघता बघता संपतात. परतीचे तिकीटही त्याच वेळी काढावे. दिवाळीनंतर परत येणे पहिल्या येण्यापेक्षाही जड जाते, आणि हे फार थोड्या जणांना माहीत असते. फराळ, भावंडे, ओळखीचे अंगण सोडून जायचे, आणि या वेळी पुढे काय आहे तेही ठाऊक असते. तिकीट हातात असले की निघणे सोपे होते. शिवाय आता तिकडे वाट बघणारे, लाडवांवर टपलेले खोलीतले दोस्त असतात.

आठवण कधी आजार होते

सहा-आठ आठवडे उलटूनही आठवणीचा जोर कमी न होता वाढत असेल तर थांबून विचार करावा. दोन आठवडे सलग झोप नाही किंवा दिवसभर झोपच, जेवण तुटले, लेक्चरला जाणे बंद, आंघोळ आणि कपड्यांकडे लक्ष नाही, आवडीच्या गोष्टीत रस नाही, अशी लक्षणे असतील तर त्याला आठवण म्हणून सोडून देऊ नये. कॉलेजातला समुपदेशक, विश्वासाचे प्राध्यापक किंवा डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ वर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी मित्र बोलून दाखवत असेल तर ते गंमत म्हणून घेऊ नये, त्याला एकटे सोडू नये, आणि गुपित ठेवण्याचे वचन दिले असले तरी ते मोडून रेक्टरना आणि घरच्यांना लगेच सांगावे.

आणि सगळे करूनही जमले नाही, अभ्यासक्रमच चुकला किंवा शहर मानवलेच नाही, तर बदल करण्यात नामुष्की नाही. फक्त तो निर्णय रविवारी संध्याकाळी घेऊ नये. पहिल्या सत्राचा निकाल पाहावा, दोन शिक्षकांशी बोलावे, प्रवेश रद्द करण्याचे आणि कागदपत्रे परत मिळण्याचे नियम समजून घ्यावेत, मग ठरवावे.

कॉलेजांना एक विनंती

इथवरचे बरेचसे विद्यार्थ्यांना आणि घरच्यांना उद्देशून झाले. संस्थांचे कामही काही कमी नाही. प्रवेशाच्या काळात पंधरा खिडक्यांऐवजी बाहेरगावच्या मुलांसाठी एक खिडकी ठेवता येईल, जिथे वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि बसपास यांची माहिती मराठीत मिळेल. दुसऱ्या वर्षाच्या एकेका विद्यार्थ्याकडे त्याच जिल्ह्यातून आलेल्या दोन-तीन नव्या मुलांची जबाबदारी सोपवता येईल. आणि सर्वांत आधी करता येण्यासारखे काम आणखी साधे आहे. पहिल्या सहा आठवड्यांत बाहेरगावच्या ज्या मुलाची हजेरी अचानक थांबली, त्याला तिसऱ्या दिवशी वर्गाच्या मेंटॉरने फोन करावा आणि तो कुठे राहतो, कोणाबरोबर जेवतो, तब्येत कशी आहे एवढे विचारावे. हजेरीपट आणि फोन नंबर दोन्ही कार्यालयात असतातच.